स्वाहिलीची ध्वनिव्यवस्था : लिपीने दाखवलेली आणि लिपीने झाकलेली

प्रास्ताविक

एखाद्या भाषेत ध्वनी किती, असा प्रश्न विचारला गेला म्हणजे सुशिक्षित माणूस बहुधा त्या भाषेची वर्णमाला मोजू लागतो. ध्वनी आणि वर्ण यांचा असा एकजीव संबंध आपण गृहीत धरतो, याचे एक कारण देवनागरीसारख्या उच्चारानुसारी लिपीची सवय हे आहे. पदव्युत्तर वर्गात भाषाविज्ञान शिकवताना हे गृहीत मोडून काढणे हे पहिले काम असते. त्यासाठी आपल्या परिचयाच्या भाषाकुलांबाहेरील एखादी भाषा उदाहरणादाखल घेतली, तर प्रश्नाचे स्वरूप अधिक स्वच्छपणे दिसते. प्रस्तुत लेखात पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली या बांटू भाषेच्या ध्वनिव्यवस्थेचा या दृष्टीने विचार केला आहे.

स्वाहिली ही उच्चारायला सोपी भाषा, अशी तिची ख्याती आहे. पाच स्वर, बहुतेक स्वरान्त अक्षरे आणि जवळजवळ नेहमीच उपान्त्य अक्षरावर पडणारा आघात, एवढ्यावर पाठ्यपुस्तके हा विषय आटोपतात. हे वर्णन खोटे नाही. पण ते मुख्यतः रोमन लिपीतील प्रमाणलेखनाचे वर्णन आहे, आणि ते लेखन जे दाखवत नाही त्याची त्यात नोंद नाही. लिपीने झाकलेल्या गोष्टींपैकी कोणत्या खरोखर व्यवस्थेचा भाग आहेत आणि कोणत्या नाहीत, हे ठरवण्याची साधने कोणती, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

लेखनसंकेताविषयी थोडे. स्वाहिली शब्द येथे देवनागरीत दिले आहेत. 'ज़' आणि 'फ़' ही नुक्तायुक्त अक्षरे संघर्षी ध्वनींसाठी आहेत. नुक्त्याविना 'फ' आणि 'ख' हे मात्र मराठीप्रमाणेच महाप्राण स्पर्श समजावेत. शब्दान्तीचे ऱ्हस्व इकार-उकार हेतुपूर्वक ठेवले आहेत, कारण स्वाहिलीत स्वरांची ऱ्हस्वदीर्घता अर्थभेदक नाही.

१. पाच स्वर आणि हरवलेले दोन

'बांटू' ही संज्ञा विल्हेल्म ब्लीक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केली. कार्ल माइनहॉफ यांनी १८९९ मध्ये या भाषांच्या ध्वनिविचाराचा तौलनिक पाया घातला. मूळ बांटू भाषेत सात स्वर होते, हे या तौलनिक अभ्यासातून मान्य झालेले अनुमान आहे. जिभेची उंची पाहता पुढच्या आणि मागच्या बाजूस प्रत्येकी तीन, आणि त्यांखेरीज 'आ', अशी ती रचना होती. स्वाहिलीत वरच्या दोन पायऱ्या एक झाल्या आणि इ, ए, आ, ओ, उ असे पाच स्वर उरले.

हरवलेला स्वर ऐकू येत नाही, पण त्याने शेजारच्या व्यंजनावर केलेला परिणाम मागे राहतो. 'पिका' म्हणजे शिजवणे. या धातूपासून 'म्पिशि' म्हणजे स्वयंपाकी हे कर्तृवाचक नाम होते, आणि 'पिकिया' म्हणजे एखाद्यासाठी शिजवणे हे क्रियारूपही होते. दोन्ही ठिकाणी मूळ 'क' च्या पुढे 'इ' आला आहे. असे असता पहिल्या रूपात 'क' चा 'श' झाला आणि दुसऱ्यात तो तसाच राहिला. 'लिंदा' (राखणे) या धातूची 'म्लिन्ज़ि' (राखणदार) आणि 'लिंदिया' (एखाद्यासाठी राखणे) ही रूपेही अशीच वागतात. आजच्या उच्चारात या दोन 'इ' मध्ये काहीही फरक नाही. फरक आहे तो इतिहासात. कर्तृवाचक प्रत्ययात सर्वोच्च पायरीचा 'इ' होता आणि त्याने आधीच्या स्पर्शाला संघर्षी बनवले. 'पिकिया' मधील प्रत्ययात त्याखालच्या पायरीचा स्वर होता, त्यामुळे व्यंजन अबाधित राहिले. 'जेंगा' (बांधणे) आणि 'म्जेन्ज़ि' (बांधणारा), 'फ़ुआता' (मागे जाणे) आणि 'म्फ़ुआसि' (अनुयायी), 'लेवा' (झिंगणे) आणि 'म्लेवि' (दारुडा) या जोड्या त्याच नियमाच्या साक्षी आहेत.

मराठीच्या अभ्यासकाला या घटनेचे नवल वाटू नये. 'घराचा' मधील 'चा' दंततालव्य आणि 'घराची' मधील 'ची' तालव्य. 'माझा' आणि 'माझी' यांतही हाच भेद. पुढील स्वराच्या जातीनुसार व्यंजनाचे स्थान बदलते हे दोन्ही भाषांत समान आहे. फरक असा की मराठीत त्या भेदाचे कारण असलेला स्वर आजही कानी पडतो. स्वाहिलीत कारण नाहीसे झाले आणि कार्य तेवढे उरले.

स्वराविषयीचे दुसरे निरीक्षण लोप पावलेल्या व्यंजनाचे आहे. 'ज़ाआ' (जन्म देणे) या शब्दातील 'आआ' हा दीर्घ स्वर नसून दोन अक्षरे आहेत. 'कोन्दोओ' (मेंढी) या शब्दात आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे दोन 'ओ' पैकी पहिल्यावर पडतो, यावरून ते सिद्ध होते. 'ज़ाआ' मधील दोन स्वरांमध्ये पूर्वी 'ल' होता. तो साध्या रूपात गळाला, परंतु 'ज़ालिवा' (जन्मणे) या कर्मणी रूपात परत दिसतो. 'नुनुआ' (विकत घेणे) आणि 'नुनुलिया' (एखाद्यासाठी विकत घेणे) यांचेही तसेच. तात्पर्य, ध्वनिव्यवस्थेचा शोध सुट्या शब्दांच्या यादीत पुरा होत नाही. रूपांची जोडी मांडावी लागते.

२. अनुनासिकाचा लोप आणि महाप्राणाचा जन्म

'बांटू' या कुलनामात 'बा' हा अनेकवचनी पूर्वप्रत्यय आणि 'न्तु' हा 'माणूस' या अर्थाचा अंश आहे. झुलू भाषेत 'अबान्तु' असे रूप आढळते. स्वाहिलीत मात्र 'वातु' (माणसे). कुलनामात ठळकपणे असलेला अनुनासिक स्वाहिलीत गळाला आहे. हा अपवाद नसून नियम आहे: अघोष स्पर्शापूर्वीचा अनुनासिक स्वाहिलीत सामान्यतः टिकत नाही, घोष व्यंजनापूर्वी तो टिकतो.

नामवर्गांच्या व्यवस्थेत हा नियम लख्ख दिसतो. बांटू भाषांत नामे लिंगांऐवजी अनेक वर्गांत विभागलेली असतात आणि प्रत्येक वर्गाला बहुधा स्वतःचा पूर्वप्रत्यय असतो. त्यांतील एका वर्गजोडीचा प्रत्यय केवळ अनुनासिक आहे. 'उबाओ' (फळी) याचे अनेकवचन 'म्बाओ' आणि 'उलिमि' (जीभ) याचे 'न्दिमि'. परंतु 'उकुता' (भिंत) याचे अनेकवचन लेखनात नुसते 'कुता'. विशेषणांतही तेच घडते. 'न्युंबा' (घर) या नामासह 'बाया' (वाईट) चे 'म्बाया', 'रेफ़ु' (लांब) चे 'न्देफ़ु', 'विलि' (दोन) चे 'म्बिलि' होते. 'कुब्वा' (मोठे) मात्र 'कुब्वा' च राहते.

येथे लेखन थांबते, पण व्यवस्था थांबत नाही. मोंबासा आणि त्याच्या उत्तरेकडील बोलींत या गळालेल्या अनुनासिकाची खूण उरली आहे, ती महाप्राणाच्या रूपाने. तेथे भिंतींचा 'कुता' हा प्रत्यक्षात 'खुता' असतो. यातून लघुतम युग्मे, म्हणजे एकाच ध्वनीच्या फरकाने अर्थ बदलणाऱ्या शब्दांच्या जोड्या, तयार झाल्या आहेत. 'पाआ' म्हणजे छप्पर आणि 'फाआ' म्हणजे एका जातीचे लहान हरीण. 'काआ' म्हणजे निखारा आणि 'खाआ' म्हणजे खेकडा. प्रमाण रोमन लेखनात या दोन्ही जोड्यांतील शब्द एकसारखे लिहिले जातात. ते भिन्न आहेत याचा पुरावा वर्गप्रत्यय देतो. निखाऱ्याचे अनेकवचन 'माकाआ' होते, कारण तो अनुनासिक नसलेल्या वर्गातला आहे. खेकड्याचे रूप अनेकवचनातही बदलत नाही, कारण तो अनुनासिक वर्गातला आहे. महाप्राण कोठे असणार हे व्याकरणच सांगते.

स्वाहिली दुसरी भाषा म्हणून शिकलेल्या अनेकांच्या बोलण्यात हा भेद आज आढळत नाही. त्यावरून तो व्यवस्थेत कधी नव्हताच, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल.

मोंबासाच्या बोलीत आणखी एक भेद आहे, तो दंत्य आणि वर्त्स्य 'त' चा. प्रमाण स्वाहिलीत 'माचो' (डोळे) असणारा शब्द मोंबासाकडे 'मातो' असा होतो. यातील 'त' जुन्या तालव्य व्यंजनापासून आलेला असून त्याचा उच्चार दंत्य आहे. 'तातु' (तीन) मधला 'त' मूळचा 'त', आणि त्याचे स्थान दातांच्या मागे, वर्त्सावर. प्रमाण लेखनाला एकच 'टी' उपलब्ध असल्याने हा भेद तेथे मावत नाही.

३. लिपीने काय झाकावे?

लिपी काही झाकते म्हणजे ती सदोषच, असे मात्र नव्हे. स्वाहिलीतील ब, द, ज, ग हे घोष स्पर्श पारंपरिक उच्चारात अंतःस्फोटी असतात. त्यांच्या उच्चारणात स्वरयंत्र खाली ओढले जाते आणि हवा क्षणभर आत येते. अनुनासिकापुढे मात्र हेच ध्वनी साधे घोष स्पर्श होतात. या दोन उच्चारांची स्थाने अशी वाटली गेली आहेत की एकाच्या जागी दुसरा येत नाही, त्यामुळे त्यांच्यामुळे अर्थभेद होत नाही. लिपीने त्यांना एकच चिन्ह दिले ते योग्यच आहे. सिंधी भाषेत अंतःस्फोटी आणि साधे घोष स्पर्श अर्थभेदक आहेत, म्हणून तेथे त्यांना स्वतंत्र अक्षरे लागली.

म्हणजे झाकण्याचे दोन प्रकार झाले. स्वनिमाचे परिस्थितीनुसार होणारे उच्चारभेद झाकणे हे लिपीचे काटकसरीचे गुणधर्म आहे. दोन स्वनिमांमधील भेद झाकणे ही मात्र तिची उणीव आहे. अंतःस्फोटी 'ब' पहिल्या प्रकारात येतो, महाप्राण 'फ' आणि दंत्य 'त' दुसऱ्या प्रकारात. हा निवाडा करण्यासाठी केवळ कान पुरेसा नाही. अर्थभेद आणि ध्वनींचे वितरण तपासावे लागते.

४. अक्षरगणना आणि छंद

लेखनाने झाकलेली आणखी एक गोष्ट अक्षराची आहे. 'म्तु' (माणूस) हा शब्द मराठी वाचकाला एकाक्षरी वाटेल. स्वाहिलीत तो द्व्यक्षरी आहे. त्यातील 'म्' हा जुन्या 'मु' प्रत्ययाचा अवशेष असून स्वर गेल्यावरही त्याने अक्षराचे स्थान सोडले नाही. शब्दाचा आघातही त्याच्यावरच पडतो. याउलट 'म्बुज़ि' (शेळी) मधला 'म्' पुढील 'ब' शी एकरूप झालेला आहे आणि तो शब्द 'म्बु-ज़ि' असा दोनच अक्षरांचा आहे.

लेखनात दोन्ही प्रकारचे 'म्' सारखेच दिसतात. त्यामुळे 'म्बुनि' हे एकच लिखित रूप दोन शब्दांचे काम करते: 'म्बु-नि' म्हणजे शहामृग आणि 'म्-बु-नि' म्हणजे कॉफीचे झाड. 'वाईट माणूस' मधील 'म्-बा-या' तीन अक्षरी आणि 'वाईट घर' मधील 'म्बा-या' दोन अक्षरी. विशेषण तेच, परंतु नामवर्ग बदलताच अक्षरसंख्या बदलते.

याचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा साहित्यातून मिळतो. स्वाहिली पद्यात 'मिज़ानि' म्हणजे अक्षरमोजणी आणि 'विना' म्हणजे यमके यांना शास्त्राचे स्थान आहे. 'उतेंदि' या आख्यानकाव्यप्रकारात कडव्याचे चार चरण असतात, प्रत्येक चरणात आठ अक्षरे. पहिल्या तीन चरणांचे यमक कडव्यापुरते असते आणि चौथ्याचे यमक संपूर्ण काव्यभर चालते. ज्या अभ्यासकाला लहान अभंगाचे आठ-आठ अक्षरांचे चरण परिचित आहेत, त्याला ही रचना परकी वाटणार नाही. मात्र मोजणीचे तत्त्व वेगळे आहे. मराठी छंदात स्वरहीन व्यंजन अक्षर म्हणून मोजले जात नाही. स्वाहिली कवी 'म्तु' मधील 'म्' मोजतो आणि 'म्बुज़ि' मधील मोजत नाही. हा विवेक त्याला लिपीने शिकवलेला नाही; तो भाषेच्या ज्ञानातून आलेला आहे. म्हणूनच छंद हा ध्वनिव्यवस्थेचा दस्तऐवज ठरतो. जुन्या मराठी पाठांच्या संपादनात ओवी-अभंगांच्या अक्षरगणनेवरून उच्चारांचे अनुमान करतात, त्यामागील तत्त्व हेच.

५. दोन लिपी आणि एक प्रमाणभाषा

रोमन लिपी येण्यापूर्वी स्वाहिली शतकानुशतके अरबी लिपीत लिहिली जात होती. आज उपलब्ध असलेले तिचे सर्वांत जुने कागद म्हणजे १७११ मध्ये किलवा येथे लिहिलेली पत्रे. ती पोर्तुगीज व्यवहाराच्या ओघात गोव्यास आली आणि गोव्याच्या ऐतिहासिक अभिलेखागारात जतन झाली आहेत. पूर्व आफ्रिकेच्या भाषेचा आरंभीचा लिखित पुरावा कोकण किनाऱ्यावर सापडावा, यातून हिंदी महासागरातील दळणवळणाची व्याप्ती कळते.

अरबी लिपीत स्वरचिन्हे तीन, स्वाहिलीत स्वर पाच. प, च, ग, व या ध्वनींना तिच्यात मूळची अक्षरे नाहीत. 'म्ब', 'न्द' यांतील अनुनासिक अनेकदा लिहिलाच जात नसे. असे लेखन ज्याला भाषा आधीच येते त्यालाच वाचता येते. योहान लुडविग क्राप्फ १८४४ मध्ये मोंबासास आले आणि १८५० मध्ये त्यांचा व्याकरणविषयक ग्रंथ निघाला. एडवर्ड स्टीअर यांचे झांझिबारच्या बोलीवरील पुस्तक १८७० चे. या मिशनरी अभ्यासकांच्या रोमन लेखनाने पाच स्वर आणि अनुनासिकयुक्त व्यंजने स्पष्ट केली, ही मोठीच प्राप्ती होती. डब्ल्यू. ई. टेलर यांनी मोंबासाच्या म्हणींच्या १८९१ च्या संग्रहात त्या बोलीतील बारीक ध्वनिभेदांसाठी विशेष चिन्हेही वापरली.

परंतु १९२८ च्या मोंबासा परिषदेत झांझिबारची 'किउंगुजा' ही बोली प्रमाणभाषेचा आधार म्हणून निश्चित झाली. १९३० मध्ये केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांझिबार या चार प्रदेशांसाठी भाषासमिती स्थापन होऊन शालेय पुस्तकांच्या लेखनाला एकच वळण लागले. मुद्रणाची आणि शाळेची सोय पाहता तो निर्णय समजण्यासारखा आहे. त्याची किंमत मात्र मोंबासासारख्या समृद्ध काव्यपरंपरा असलेल्या बोलीने मोजली. तेथील मुलाच्या तोंडी असलेले भेद त्याच्या पुस्तकात दिसेनासे झाले, आणि मुयाका बिन हाजी (१७७६-१८४०) यांच्यासारख्या मोंबासाच्या कवीची रचना प्रमाणलेखनात वाचणाऱ्याला कवीच्या ध्वनींचा एक भाग अनुपलब्ध राहतो. प्रमाणीकरणात शब्द गळतात हे सहज लक्षात येते. ध्वनी गळतात ते लवकर लक्षात येत नाही.

६. ऋणशब्द : समान उगम, भिन्न वाटा

अरबी-फारसी शब्दसंपत्ती मराठी आणि स्वाहिली दोहोंतही आहे. एकच शब्द दोन व्यवस्थांत कसा बसतो हे पाहिले म्हणजे व्यवस्थेचे व्यक्तित्व उमगते. अरबीतील घशाजवळचा संघर्षी ध्वनी मराठीने महाप्राण स्पर्श मानून 'खबर' केले. स्वाहिलीने त्याचा 'ह' करून 'हाबारि' केले. 'वक्त' मधील जोडाक्षर दोघींनीही फोडले: मराठी बोलींत 'वखत', स्वाहिलीत 'वाकाति'. 'वजीर' मध्ये मराठीने जवळचा 'ज' स्वीकारला. स्वाहिलीला मात्र 'वाज़िरि' म्हणताना अडचण आली नाही, कारण 'म्लिन्ज़ि' सारख्या देशी शब्दांमुळे 'ज़' तिच्याजवळ आधीच होता. पूर्वीच्या स्वरबदलाने दार उघडून ठेवले होते, त्यातून परके शब्द सुखाने आत आले.

'किताब' या शब्दाची कथा अधिक बोलकी आहे. स्वाहिलीत त्याचे 'किताबु' झाले, आणि 'कि' हा तेथे एका नामवर्गाचा एकवचनी प्रत्यय असल्याने अनेकवचन 'विताबु' असे सिद्ध झाले. शब्द ध्वनीने परका, पण व्याकरणाने देशी. भारतीय भाषांतून गेलेल्या 'चापाति', 'बिमा', 'लाकि' (लाख) आणि 'गारि' (गाडी) या शब्दांतही असेच दिसते. 'गारि' मध्ये आपल्या मूर्धन्य ध्वनीची जागा 'र' ने घेतली, कारण मूर्धन्य ही कोटीच तेथे नाही.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, स्वाहिलीची ध्वनिव्यवस्था पाच स्वरांच्या सोप्या तक्त्यात संपत नाही. तिचा मोठा भाग रूपांच्या अदलाबदलीत, नामवर्गांत आणि छंदात आहे. दोन, लिपीने झाकलेली प्रत्येक गोष्ट महत्त्वाची नसते. अर्थभेदाच्या कसोटीवरच ती ठरवावी लागते. तीन, कोणतीही लिपी निरपवाद नाही. 'पाआ' आणि 'फाआ' यांतला भेद देवनागरी सहज दाखवते, रोमन प्रमाणलेखन दाखवत नाही. पण हीच देवनागरी मराठी 'जरा' (म्हातारपण) आणि 'जरा' (थोडेसे) यांतला भेद दाखवत नाही. मराठी भाषक तो चुकत नाही, जसा मोंबासाचा भाषक छप्पर आणि हरीण यांत चुकत नाही.

मराठीच्या बोलींचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने यातून घ्यावयाचा धडा व्यावहारिक आहे. बोलीचे ध्वनी नोंदवताना प्रमाण वर्णमाला हातात धरून त्यात काय बसते ते पाहू नये. आधी लघुतम युग्मे शोधावीत, एकाच शब्दाची विविध रूपे शेजारी मांडावीत, ओव्या-गाण्यांतील अक्षरे मोजावीत आणि मग चिन्हांचा विचार करावा. हा क्रम उलटा झाला, तर बोलीत नसलेले भेद तिच्यावर लादले जातील आणि असलेले नोंदवहीबाहेर राहतील. ज्या पिढीच्या तोंडी ते भेद आहेत ती पिढी गेल्यानंतर नोंदवहीतील चूक दुरुस्त करण्याचे कोणतेही साधन उरत नाही.